सातबारा : रुमालापासून पडद्यापर्यंत

१/ सन २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कर्नाटकातील तालुका कचेऱ्यांमध्ये एकेक नवी खिडकी उघडत गेली. खिडकीआड संगणक होता, आणि त्यात आता नवल उरले नव्हते. नवल होते ते दुसऱ्या पडद्याचे. कर्मचाऱ्यासमोर जे दिसे, तेच दाखवणारा आणखी एक पडदा शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवलेला होता. पंधरा रुपये भरावेत, आपल्या जमिनीची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, छापील उतारा घ्यावा आणि घरी जावे, अशी ती व्यवस्था होती.

२/ या प्रकल्पाचे नाव 'भूमी'. सार्वजनिक सेवेत संगणक आणण्याचे आशियातील एक गाजलेले उदाहरण म्हणून त्याचा अभ्यास जगभर झाला. परंतु एक पडदा शेतकऱ्याकडे वळवणे ही एवढी मोठी गोष्ट का ठरली, हे समजण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते. जमिनीची नोंद कोण लिहितो, ती कोणाच्या घरी राहते आणि ती वाचता कोणाला येते, या तीन प्रश्नांचा हा इतिहास आहे. त्याचा बराच मोठा भाग महाराष्ट्रात घडला.

३/ पेशवाईच्या काळात गावाचा हिशेब कुलकर्णी ठेवत असे. पाटील गावाचा प्रमुख, तर कुलकर्णी गावाचा लेखक. कोणाकडे किती जमीन, सारा किती, बाकी किती, हे सारे त्याच्या दप्तरात असे. हे काम वतनी होते, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारे. दप्तरही त्याच्याच घरी राही. गावाची स्मृती एका घराच्या माळ्यावर, कापडी रुमालात बांधलेली असे.

४/ ती स्मृती मोडी लिपीत होती. भराभर लिहिण्यासाठी मोडी उत्तम, पण ज्याने ती शिकली नाही त्याच्यासाठी ते कुलूपच. शेतकऱ्याला आपल्याच जमिनीविषयी काय लिहिले आहे ते जाणून घ्यायचे, तर ज्याने लिहिले त्यालाच विचारावे लागे. हे कुलूप अजूनही पुरते उघडलेले नाही. २०२३ साली महाराष्ट्रात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तालुक्या-तालुक्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली.

५/ १८१८ साली पेशवाई संपली. दख्खनचा कारभार हाती आलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने गावाची जुनी रचना शक्यतो तशीच ठेवण्याचे धोरण स्वीकारले. सारा मात्र नेमका किती घ्यायचा, हे ठरवणे भाग होते. १८२०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोठी मोजणी केली. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्यावर सारा बसवावा, असा त्याचा शास्त्रीय बेत होता.

६/ बेत कागदावर निर्दोष होता. प्रत्यक्षात मोजणीत चुका झाल्या, खालच्या पातळीवर लाचलुचपत झाली आणि आकारणी न झेपणारी ठरली. शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. जमिनीच्या नोंदींच्या आधुनिक इतिहासातला हा पहिला मोठा धडा : गणित कितीही सूक्ष्म असो, त्यात भरलेली माहितीच खोटी असेल तर उत्तरही खोटेच येते, आणि ते अधिक अधिकारवाणीने येते.

७/ १८३५ साली इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी उत्पन्नाचे किचकट गणित बाजूला ठेवले. जमिनीची प्रत पाहावी, मागील वसुली पाहावी, झेपेल असा दर ठरवावा आणि तो तीस वर्षे बदलू नये, असा साधा मार्ग त्यांनी धरला. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती आणि तिचे सोळा आणे मानले जात. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही प्लॉटच्या जाहिरातीत जो गुंठा दिसतो, तो या साखळीचाच.

८/ १८४७च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की केली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीला खुणा आल्या, गावाला नकाशा आला. मुंबई इलाख्यातील धारवाड, बेळगाव, विजापूर हे कन्नड जिल्हेही याच पद्धतीने मोजले गेले. म्हणूनच तिकडचा कन्नड शेतकरी आजही जमिनीच्या कागदाला 'उतारा' म्हणतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 'ही जमीन कोणाची' हे ठरवणे हा या मोजणीचा मुख्य हेतू नव्हता. 'हिचा सारा कोण भरणार' हे सरकारला हवे होते.

९/ या दोन प्रश्नांमधले अंतर शेतकऱ्याला महागात पडले. वहिवाट एकाची, कर्ज दुसऱ्याचे, गहाणखत तिसऱ्याच्या पेटीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि पुढे तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते हिसकावून घेऊन जाळण्यात आले. ज्याला वाचता येत नाही अशा माणसालाही कागदाची सत्ता किती कळते, याचा हा पुरावा.

१०/ सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. शेतकऱ्यांचे दस्तऐवज गावपातळीवर नोंदले जावेत, अशी तरतूद त्यात होती. चार वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. अडाणी शेतकरी आणि लिहिणारा कामगार यांच्यातील विषमता हा त्यांच्या टीकेचा एक मुख्य विषय होता. पुढे मुकुंदराव पाटलांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहून हाच प्रश्न उपहासाच्या अंगाने मांडला. लेखणी कोणाच्या हाती, हा प्रश्न आता राजकीय झाला होता.

११/ १९०३ साली मुंबई इलाख्यात 'हक्कनोंदणी'चा, म्हणजे रेकॉर्ड ऑफ राइट्सचा, कायदा आला. सारा भरणाऱ्याच्या नावाबरोबर आता हक्क, गहाण, वाटणी यांनाही नोंदवहीत जागा मिळाली. गावच्या नमुन्यांचे क्रमांक ठरले. सहा नंबर म्हणजे फेरफार, सात नंबर म्हणजे अधिकार अभिलेख, बारा नंबर म्हणजे पिकांची नोंद, आठ-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा गोषवारा. सात आणि बारा एकाच कागदावर आले आणि मराठी भाषेला 'सातबारा' हा शब्द मिळाला.

१२/ या कागदाचे कायदेशीर स्थान नीट समजून घेणे आवश्यक आहे. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. नोंद खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत ती खरी मानावी, एवढेच कायदा म्हणतो. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७मध्ये हेच तत्त्व आहे. फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनीही वारंवार सांगितले आहे. पण बँक कर्जासाठी सातबारा मागते, भरपाई सातबारा पाहून मिळते, सोयरीक जुळवतानाही सातबारा विचारला जातो. कायद्यात गृहीतक असलेला कागद व्यवहारात ब्रह्मवाक्य ठरला.

१३/ चूक होणार, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी एक सार्वजनिक तपासणी त्यात बसवली. फेरफार नोंदला की त्याची प्रत चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी मुदत ठेवायची आणि मगच वरच्या अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. लिहिणारा एक असला तरी पाहणारे गाव असावे, ही त्यामागची कल्पना. ही कल्पना पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

१४/ नोंदीची किंमत किती, हे १ एप्रिल १९५७ रोजी उघड झाले. कूळ कायद्यानुसार त्या 'कृषकदिनी' कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाणार होते. कूळ कोण, हे ठरवताना मोठा आधार नोंदींचाच होता. ज्याचे नाव कुळाच्या रकान्यात होते, त्याचे घर एका पिढीत पालटले. जो पिढ्यान्‌पिढ्या कसत होता, पण ज्याचे नाव कोणी लिहिलेच नव्हते, त्याला आपण कसत होतो हे सिद्ध करण्यात आयुष्य घालवावे लागले. एक रिकामा रकाना एवढे करू शकतो.

१५/ कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने रद्द झाली. म्हैसूर राज्यात गावच्या शानभोगाचे वंशपरंपरागत पद १९६१च्या कायद्याने गेले. त्यांच्या जागी पगारी, बदली होणारा तलाठी आला. जातीने मिळणारे पद परीक्षेने मिळू लागले, ही सुधारणा मोठीच होती. दप्तर मात्र एकाच माणसाच्या ताब्यात राहिले. उतारा हवा तर तलाठी सापडला पाहिजे, तो सापडला तर त्याला वेळ असला पाहिजे, आणि वेळ मिळावा म्हणून काय करावे लागते हे गावात लहान मुलालाही ठाऊक असे.

१६/ या टप्प्यावर संगणक आला. १९८८-८९ साली केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशभरातून आठ जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून वर्ध्याची निवड झाली. पुढे कर्नाटकात गुलबर्ग्याला प्रयोग झाला. या पहिल्या फेरीतून फारसे हाती लागले नाही, आणि त्याचे कारण यंत्रात नव्हते. जुने उतारे संगणकात भरले गेले, पण नवे फेरफार वहीतच होत राहिले. वही दररोज पुढे जात होती, संगणक जागच्या जागी उभा होता. काही महिन्यांतच संगणकातली माहिती शिळी झाली.

१७/ 'भूमी'ने हा धडा घेतला. सुमारे दोन कोटी नोंदी आणि सुमारे ६७ लाख खातेदार एवढा त्याचा पसारा होता. महसूल खात्यातील अधिकारी राजीव चावला यांनी त्याचे नेतृत्व केले. जुन्या नोंदी संगणकात भरल्यावर त्यांच्या छापील प्रती पुन्हा ग्रामलेखापालांकडे तपासणीसाठी गेल्या. आणि मग निर्णायक पाऊल टाकले गेले : तालुक्यातील काम पूर्ण झाले की हाताने लिहिलेला उतारा कायद्याने अग्राह्य. वही बंद झाल्याशिवाय संगणक खरा होत नाही, हे ओळखणारा तो निर्णय होता.

१८/ दुसरी व्यवस्था रांगेची होती. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, मधला अर्ज उचलून पुढे घेता येणार नाही, असे बंधन संगणकातच घालून दिले होते. कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा दिल्याशिवाय आत शिरता येत नसे, त्यामुळे कोणती नोंद कोणी केली याचा माग राही. २००२च्या सुमारास १७७ ठिकाणी ही केंद्रे सुरू झाली होती. उताऱ्यासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालणारा शेतकरी तो एका खेपेत घेऊन जाऊ लागला. ही सुधारणा खरी होती आणि तिचे मोल कमी लेखता येत नाही.

१९/ पण गोष्ट येथे संपत नाही. २००७ साली सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या परिसरात 'भूमी'चा अभ्यास करून वेगळेच चित्र मांडले. गावपातळीवरची सत्ता तालुक्याकडे सरकली, लाच नाहीशी न होता वरच्या पायरीवर गेली, आणि जमिनीची माहिती एकत्र व सहज मिळू लागल्याचा मोठा लाभ शहराभोवती जमिनी गोळा करणाऱ्या बड्या हितसंबंधांना झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अभ्यासावर वाद झाले. त्याने विचारलेला प्रश्न मात्र टळला नाही.

२०/ तो प्रश्न असा. पडदा शेतकऱ्याकडे वळला हे खरे, पण शेतकऱ्याला त्यावर आपला एक उतारा दिसतो. ज्याच्याकडे पैसा, वकील आणि वेळ आहे, त्याला संपूर्ण परिसर दिसतो. कोणत्या गटात वाद आहे, कोठे वारस नोंद राहिली आहे, कोण कर्जात आहे, हे सारे. एकेकाळी हे ज्ञान कुलकर्ण्याच्या माळ्यावर होते. ते माळ्यावरून खाली आले, पण सर्वांच्या हाती सारखेच पडले नाही.

२१/ महाराष्ट्राने स्वतःची वाट चोखाळली. राज्यातील सातबाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या आसपास, तालुके ३५८. संगणकीय उतारे आले, नंतर फेरफाराची प्रक्रियाच संगणकावर नेणारी 'ई-फेरफार' प्रणाली आली, आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. आता कागदावर तलाठ्याची सही-शिक्का लागत नाही. घरबसल्या पंधरा रुपये भरून उतारा काढता येतो. गंमत म्हणजे दरही 'भूमी'चाच.

२२/ या वाटेवर जुनीच अडचण नव्या रूपाने उभी राहिली. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळेना. कोठे एखाद्या भावाचे नाव गळले, कोठे क्षेत्राची बेरीज चुकली, कोठे एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना फरक पडला, कोठे इतर हक्कांतील बोजा उतरला नाही किंवा नको तो चढला. वहीतली चूक वहीजवळ राही. संगणकातली चूक छापील, स्वच्छ आणि स्वाक्षरीसह बाहेर पडते. प्रिंगलच्या गणितासारखीच ती अधिकारवाणीने बोलते.

२३/ मग उपाय काय केला गेला? तो संगणकाच्या आधीचा होता. महसूल विभागाने 'चावडी वाचन' मोहीम घेतली. तलाठ्याने संगणकातले सातबारे छापून गावात न्यायचे, लोकांना बोलवायचे आणि नोंदी मोठ्याने वाचायच्या. ज्याचे नाव चुकले, त्याने तेथेच सांगायचे. मग हस्तलिखिताशी ताडून दुरुस्ती करायची. कित्येक ठिकाणच्या चुका जाणत्या माणसांच्या कानांनी पकडल्या. 'तो गट तिघा भावांचा, तुम्ही दोघेच वाचलेत,' हे सांगायला संगणक नव्हे, शेजारी लागतो.

२४/ १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. बारा नंबरची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर, शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून करायची. इतिहासाच्या दृष्टीने ही घटना लहान नाही. गावदप्तराचा एक नमुना प्रथमच लेखकाच्या हातून कसणाऱ्याच्या हातात आला. ज्याच्याकडे चांगला फोन नाही, ज्याच्या शिवारात नेटवर्क नाही, त्याच्यापुढे मात्र मोडीसारखेच नवे कुलूप आहे. पेरा असूनही नोंद नसेल, तर मदतीच्या यादीत त्याचे शेत पडीक ठरू शकते.

२५/ दोनशे वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. रुमाल, साखळी, नमुना, संगणक, मोबाईल, ही साधने बदलत गेली आणि प्रत्येक साधनाने एक अडवणूक दूर केली. पण प्रत्येक वेळी लेखणी हातातून सुटली की ती कोणाच्या तरी दुसऱ्या हातात गेली. आधी कुलकर्णी, मग तलाठी, मग तालुक्याचे केंद्र, आणि आता कोठेतरी दूर असलेला सर्व्हर. 'तलाठी आप्पा भेटले नाहीत' याची जागा 'सर्व्हर डाउन आहे' या वाक्याने घेतली, एवढेच.

२६/ नोंद लवकर मिळणे आणि नोंद खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली यंत्र देऊ शकते, आणि त्याने ती दिली. दुसरी मात्र तेव्हाच साधते, जेव्हा लिहिलेले सर्वांसमोर वाचले जाते आणि 'हे चूक आहे' असे म्हणणाऱ्याचे ऐकून घेतले जाते. चावडीवर फेरफाराची प्रत लावायला सांगणाऱ्या जुन्या कायद्याला हे ठाऊक होते. तो दुसरा पडदा शेतकऱ्याकडे वळवणाऱ्यांनाही ते उमगले होते. पडद्यावर जे दिसते ते चुकीचे असेल, तर ते दुरुस्त करून घ्यायला शेतकऱ्याला आजही किती खेपा पडतात, यावरच या साऱ्या संगणकीकरणाचे यश मोजावे लागेल.

(धागा समाप्त)